लॅबमधल्या सर्व्हरला नाव पाहिजे

बारावी आयटीला पीएचपी (वेब सर्व्हरवर चालणारी भाषा) आहे आणि त्यासाठी आपल्याकडं जवळजवळ प्रत्येक लॅबमध्ये एकच पद्धत, सगळ्या मशीनवर झॅम्प (आपल्याच मशीनवर वेब सर्व्हर चालवायचं तयार पॅकेज) टाकायचं, एचटीडॉक्स फोल्डरमध्ये फाइल ठेवायची आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट टाइप करायचं. प्रॅक्टिकलपुरतं ठीक आहे, परीक्षक येतात, पान दिसतं, सही होते, विषय संपला. पण पोरांच्या डोक्यात काय बसतं, तर वेबसाइट म्हणजे आपल्याच मशीनवरची आणि फक्त आपल्यालाच दिसणारी गोष्ट. शेजारच्यानं लोकलहोस्ट टाकलं की त्याला त्याचंच पान दिसणार, कारण लोकलहोस्ट म्हणजे १२७.०.०.१ आणि हा पत्ता प्रत्येक मशीनसाठी स्वतःचाच असतो. एका पोरीनं मला तोंडावर विचारलं होतं, "मॅडम, मग ह्येला वेबसाइट का म्हणायचं? कुणाला दिसंना तर." आता तिला काय सांगणार, बरोबरच आहे की तिचं.

म्हणून आमच्या लॅबमध्ये एकच सर्व्हर बसवला, सगळ्यांची पानं त्याच्यावर, आणि शाळेतल्या कुठल्याही मशीनवरनं, स्टाफरूममधनं, लायब्ररीतनं ती दिसायला पाहिजेत असं ठरवलं. हे सगळं लिहून काढतेय कारण कोल्हापूर जिल्ह्यातल्या बऱ्याच आयटी शिक्षकांनी विचारलं आणि प्रत्येकाला व्हॉइस नोट पाठवून पाठवून माझा घसा बसला.

मशीन कसलं घेतलं हे सगळे पहिलं विचारतात आणि तेच सगळ्यात बिनमहत्त्वाचं आहे. ऑफिसमधनं बाजूला काढलेला एक जुना आय-थ्री, ४ जीबी रॅम, त्यातली कुरकुरणारी हार्डडिस्क काढून साधी एसएसडी घातली, डेबियन लिनक्स टाकलं, अपाची हा वेब सर्व्हर, पीएचपी आणि मारियाडीबी हा डेटाबेस टाकला, झालं. एनजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर का नाही असं एका सरांनी विचारलं. एनजिनएक्स २००४ चं, अपाची १९९५ चं, मोठ्या गर्दीला एनजिनएक्स हलकं पडतं हे खरंच, पण एका लॅबच्या गर्दीला दोन्ही सारखंच, आणि झॅम्पमध्ये अपाचीच असतं त्यामुळं पोरांनी शिकलेलं वाया जात नाही. एवढंच कारण. सर्व्हर बसवणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, त्याला कुणी घाबरू नका.

खरं काम पुढं आहे. सर्व्हरला पत्ता दिला १९२.१६८.१.१०. हे १९२.१६८ वाले पत्ते १९९४ पासून खाजगी वापरासाठी राखून ठेवलेत, म्हणजे आमच्या शाळेतही हाच पत्ता, तुमच्या घरातही हाच असू शकतो, कुणाचं कुणाला काही नाही, बाहेरच्या इंटरनेटवर तो चालतच नाही. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला, पोरांनी टाइप केला, पान उघडलं, टाळ्या. आणि दुसऱ्याच तासाला एकजण १६८ च्या जागी १८६ टाकून बसलेला, एकानं टिंबाच्या जागी स्वल्पविराम मारलेला, आणि मधल्या सुट्टीत फळा पुसला गेला. स्टाफरूममध्ये मराठीच्या मॅडमना पत्ता सांगितला तर म्हणाल्या, व्हॉट्सअप करा मला, आणि तो मेसेज सुविचारांच्या खाली कुठं गाडला गेला तो गेलाच. नंबरवर चालणारी साइट म्हणजे ज्यानं बसवली त्यानंच वापरायची साइट. लोकांनी वापरावी असं वाटत असेल तर तोंडानं सांगता येईल असं नाव पाहिजे, ते आधी करा, आत काय ठेवायचं ते नंतर बघा.

नावासाठी पहिला सुचतो तो उपाय म्हणजे होस्ट्स फाइल. विंडोजमध्ये सिस्टिम३२ च्या आत ड्रायव्हर्स, त्याच्या आत ईटीसी, तिथं ही फाइल बसलेली असते, त्यात एका ओळीत पत्ता आणि पुढं नाव लिहायचं. नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलं नाही तर सेव्ह होत नाही, आणि 'सेव्ह ॲज' केलं तर नोटपॅड गुपचूप मागं टीएक्सटी चिकटवतं, मग फाइल दिसते तिथंच पण विंडोज तिच्याकडं बघत नाही. एका मशीनवर हे करायला मजा येते. लॅबभर करायचं, लायब्ररी, ऑफिस, आणि मोबाइलवर तर रूट केल्याशिवाय करताच येत नाही. आणि उद्या सर्व्हरचा पत्ता बदलला तर परत सगळीकडं फिरा.

गंमत म्हणजे इंटरनेटनं स्वतः हेच भोगलंय. अर्पानेटच्या, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कच्या काळात सगळ्या मशीनची नावं आणि पत्ते एकाच होस्ट्स डॉट टीएक्सटी फाइलमध्ये असायचे, ती फाइल कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांची टीम सांभाळायची, नवीन मशीन आलं की त्यांना कळवायचं आणि बाकीच्यांनी ताजी फाइल उतरवून घ्यायची. मशीनं वाढत गेली तसं हे झेपेना आणि १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस, म्हणजे नाव विचारलं की पत्ता सांगणारी पद्धत मांडली, १९८७ मध्ये त्याचे सुधारलेले नियम आले आणि आजही पाया तोच आहे. हे मी पोरांना होस्ट्स फाइल भरायला लावून झाल्यावर सांगते, आधी नाही. चार मशीनवर हातानं भरून झालं की डीएनएस कशाला पाहिजे ते वेगळं सांगायला लागत नाही.

आता शाळेतलं नाव म्हणजे बाहेर कुठं नोंदवलेलं नाव नव्हे, हे डोक्यात स्पष्ट पाहिजे. मंगळवार पेठेत रिक्षावाल्याला "तालमीजवळ सोडा" म्हटलं की तो एक शब्द न बोलता बरोबर आणून सोडतो, तेच स्टँडवर उतरून म्हटलं तर तो म्हणणार, "कुठल्या तालमीजवळ ओ?" आमच्या सर्व्हरचं नाव हे तसं पेठेतलं नाव आहे, शाळेच्या वायरच्या आत सगळ्यांना कळतं आणि गेटच्या बाहेर त्याला काही अर्थ नाही. त्यासाठी आत एक माहीतगार लागतो, आणि ते काम आम्ही डीएनएसमास्क नावाच्या छोट्या प्रोग्रामला दिलं, तो त्याच डेबियन मशीनवर चालतो. शाळेचं नाव विचारलं तर स्वतः उत्तर देतो, बाकी काहीही विचारलं तर बाहेरच्या डीएनएसला विचारून आणून देतो आणि लक्षातही ठेवतो. (डेबियनच्या जागी उबुंटू टाकणार असाल तर तिथं सिस्टिमडी-रिझॉल्व्ह्ड हा प्रोग्राम आधीच डीएनएसचं ५३ नंबरचं पोर्ट धरून बसलेलं असतं, डीएनएसमास्क सुरूच होत नाही. त्याच्या सेटिंगमध्ये स्टब लिसनर 'नो' करायचा, मग जागा मोकळी होते.)

पण लॅबमधल्या मशीनना कसं कळणार की नाव या माहीतगाराला विचारायचं? ते सांगतो डीएचसीपी. मशीन चालू झालं की ते "मला पत्ता द्या" म्हणून ओरडतं आणि डीएचसीपी त्याला पत्ता, गेटवे (बाहेर जायचा रस्ता) आणि डीएनएस कुणाला विचारायचा हे तिन्ही एकदम देतो. म्हणजे एका जागी एक ओळ बदलली की सगळी शाळा बदलली, एकाही मशीनला हात लावायला लागत नाही. अडचण अशी की फायबरवाल्यानं बसवलेल्या राउटरमध्ये डीएचसीपी असतो पण बऱ्याचदा त्यातला डीएनएसचा खाना बदलताच येत नाही, आमच्याकडं तेच होतं. मग राउटरमधला डीएचसीपी बंद केला आणि तेही काम डीएनएसमास्ककडंच दिलं, त्याला दोन्ही येतं. शेवटचा आकडा ५० ते २०० असलेले पत्ते वाटायचे, १२ तासांसाठी, गेटवे राउटरचाच, डीएनएस मात्र १९२.१६८.१.१०. १० नंबर वाटपाच्या बाहेर ठेवलाय हे बघा, नाहीतर एखाद्या दिवशी कुणाच्यातरी मोबाइललाच सर्व्हरचा पत्ता मिळायचा.

इथं एक गोष्ट जरा सविस्तर सांगते कारण बऱ्याच शाळांत यातच घोळ बघितलाय. डीएनएसला दोन खाने असतात, प्रिफर्ड आणि आल्टरनेट. पहिल्यात सर्व्हरचा पत्ता टाकतात आणि दुसऱ्यात हमखास ८.८.८.८, म्हणजे गूगलचं डीएनएस, "असू दे की, बॅकअप म्हणून." दिसायला शहाणपणाचं आहे, आणि मग सुरू होतं ते झंगाट, सकाळी साइट उघडते, दुपारी उघडत नाही, या मशीनवर चालते, त्या मशीनवर "साइट सापडत नाही", रिस्टार्ट केलं की परत चालते, आणि सगळे म्हणतात सर्व्हर बिघडलाय. सर्व्हर ठणठणीत असतो. झालेलं असतं असं की लोकांना वाटतं दुसरा खाना म्हणजे पहिल्याला माहीत नसेल तर दुसऱ्याला विचार. तसं नाही. पहिल्यानं वेळेत उत्तरच दिलं नाही तर दुसऱ्याकडं जा, असं आहे ते. आणि एकदा कधी सर्व्हर क्षणभर अडखळला, वायर हलली, की विंडोज ८.८.८.८ कडं वळतं, आणि त्याला आपलं पेठेतलं नाव विचारलं की तो बिचारा प्रामाणिकपणे सांगतो, असं नाव जगात नाही. आणि "असं नाव नाही" हेही पक्कं उत्तरच असतं. मशीन ते लक्षात ठेवतं आणि काही वेळ दुसऱ्या कुणाला विचारायलाही जात नाही. मोबाइल आणि लिनक्स तर कुणाला आधी विचारतील ह्याचाही भरवसा नाही.

त्यामुळं दुसऱ्या खान्यात एकतर काही नको, नाहीतर तीच सगळी नावं माहीत असलेलं दुसरं मशीन पाहिजे. आमचे हेडसर म्हणाले, मग तुमचा सर्व्हर बंद पडला तर ऑफिसचं इंटरनेट पण बंद काय? प्रश्न रास्त आहे, शालार्थचं (पगाराच्या सरकारी साइटचं) काम चालू असताना नेट गेलं तर क्लार्क मामा मला लॅबमध्ये येऊन शोधतील. म्हणून एका जुन्या रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या कॉम्प्युटरवर दुसरं डीएनएसमास्क बसवलं, त्यात शाळेची नावं सेम टु सेम, फक्त डीएचसीपी बंद. आता दोन खान्यांत दोन पत्ते आहेत आणि दोघांचं उत्तर एकच येतं.

नाव काय ठेवायचं यावर स्टाफरूममध्ये जी चर्चा झाली ती गॅदरिंगच्या बजेटवर पण होत नाही. बऱ्याच ठिकाणी डॉट लोकल ठेवतात, ते नको, कारण २०१३ च्या नियमापासून डॉट लोकल हे मल्टिकास्टसाठी राखीव आहे, आयफोन, मॅक आणि बरीच लिनक्स मशीनं असलं नाव डीएनएसला विचारतच नाहीत, सगळ्या नेटवर्कला एकदम विचारत बसतात. मनाला येईल ते शेपूटही लावू नका. पूर्वी पुष्कळ जण घरातल्या घरात डॉट डेव्ह वापरायचे, ते खरं डोमेन निघालं, गूगलकडं गेलं आणि २०१७ च्या शेवटी क्रोमनं डॉट डेव्हला एचटीटीपीएस सक्तीचं केल्यावर एका रात्रीत सगळ्यांची घरगुती कामं अडकली. घरच्या नेटवर्कसाठी २०१८ पासून होम डॉट अर्पा राखीव आहे पण ते पोरांना सांगायला विचित्र वाटतं. २०२४ मध्ये आयकॅननं (डोमेन नावांचा कारभार बघणारी संस्था) डॉट इंटर्नल हे खाजगी नेटवर्कसाठी कायमचं बाजूला काढून ठेवलं, ते कधीच कुणाला विकलं जाणार नाही. आम्ही तेच घेतलं, शाळा डॉट इंटर्नल, अर्थात इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं. शाळेचं स्वतःचं विकत घेतलेलं डोमेन असेल तर त्याच्या पुढं लॅब लावून तेच आत वापरणं माझ्या मते सगळ्यात उत्तम, कारण मग एचटीटीपीएसचं खरं सर्टिफिकेटही घेता येतं आणि "नॉट सिक्युअर" ही पाटी जाते. आमच्या डोमेनची चावी कुणाकडं आहे हे सध्या कुणालाच माहीत नाही, तो वेगळा अध्याय आहे.

देवनागरीत नाव ठेवायची हौस होती. डॉट भारत हे देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतंयच की. पण डीएनएसच्या पोटात देवनागरी अक्षरं तशी जात नाहीत, त्यांची आधी प्युनीकोड नावाच्या पद्धतीनं एक्सएन आणि दोन डॅशनं सुरू होणारी इंग्रजी अक्षरांची माळ करायला लागते. ते झालं असतं, पण लॅबच्या कीबोर्डवर मराठी टाइप करायला निम्म्या पोरांना येत नाही. राहिलं.

नुसतं "शाळा" एवढंच टाइप केलं तर क्रोम ते सर्चमध्ये ढकलतो. मागं एक तिरकी रेघ, स्लॅश, दिली की त्याला कळतं की हा पत्ता आहे. पोरांना ही युक्ती भयंकर आवडली, का कुणास ठाऊक.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते. डीएनएसमास्कमध्ये एक ओळ अशी लिहिता येते की शाळा डॉट इंटर्नल आणि त्याच्या पुढं काहीही लावलं तरी उत्तर १९२.१६८.१.१०. काहीही म्हणजे काहीही. आणि अपाचीमध्ये व्हीहोस्ट-एलियस नावाचं मॉड्यूल आहे, त्यात व्हर्च्युअल डॉक्युमेंट रूट लावलं की तो आलेल्या नावाचा पहिला तुकडा काढून त्याच नावाचं फोल्डर उघडतो. ब्राउझर प्रत्येक वेळी सर्व्हरला सांगत असतो की मला अमुक नावाचं पान पाहिजे, त्याला होस्ट हेडर म्हणतात, त्यावरच हे चालतं, पत्ता एकच आणि नावं कितीही. म्हणजे सर्व्हरवर "पंचगंगा" नावाचं फोल्डर केलं की पंचगंगा डॉट शाळा डॉट इंटर्नल ही साइट तयार. रजिस्टर नाही, रिस्टार्ट नाही, मॅडमची परवानगी पण नाही.

प्रत्येक गटाला एक फोल्डर दिलं आणि नाव त्यांनी ठरवायचं म्हटलं. लॅबमध्ये एवढा गोंधळ कधी ऐकला नव्हता. कुणी रंकाळा घेतलं, कुणी मिसळ, एकानं "नादखुळा" घेतलं आणि त्याच्यावर दोन गटांची भांडणं लागली. आणि एक पोरगा स्वतःच्या मशीनवरनं नाव टाइप करून एंटर मारायच्या आधी मान वळवून पलीकडच्या रांगेतल्या मित्राला म्हणतोय, "आता बघ की, तुझ्यात येतंय बघ माझं." आलं. झॅम्पवर शंभर प्रॅक्टिकल करून हे होत नाही.

पंचगंगा गटाचं सांगते. त्यांनी पावसाळ्यात पंचगंगा नदीची राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी रोज भरायचा फॉर्म केला, पीएचपी आणि एक टेबल, बाकी काही नाही. पातळी ३९ फुटांच्या वर गेली की पान पिवळं, ४३ च्या वर गेली की लाल, कारण ३९ ला इशारा आणि ४३ ला धोका हे इथल्या शेंबड्या पोराला पण माहीत असतं, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर तर जास्तच. इफ-एल्स शिकवायला मी वर्षानुवर्षं पास-नापासचं उदाहरण देत आलेय, हे त्याच्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे. एकीनं फॉर्ममध्ये फुटांच्या जागी "चाळीस" असं अक्षरात भरलं आणि पान कोरंच आलं, मग व्हॅलिडेशन, म्हणजे भरलेलं तपासून घेणं, कशाला करायचं हे पण त्यांचं त्यांनाच उमगलं. पाऊस वाढला तसं शिपाई मामा सुद्धा लॅबमध्ये डोकावून विचारायला लागले, "मॅडम, किती झालं?"

सर्व्हरवर आल्यावर पोरांची पानं कुठं कुठं मोडतात हे बघण्यासारखं असतं. फोटो स्वतःच्या मशीनवर फाइल थेट उघडली की दिसतो आणि सर्व्हरवरनं फुटका चौकोन, कारण पत्त्यात सी ड्राइव्ह, युजर्स, डेस्कटॉप असं सगळं लिहिलेलं असतं, आणि सर्व्हरवरनं आलेल्या पानाला ब्राउझर कुणाच्याच डेस्कटॉपवरची फाइल उघडू देत नाही. दुसरं, विंडोजला कॅपिटल-स्मॉलचं काही पडलेलं नसतं, लिनक्सला असतं, कॅमेऱ्यानं जेपीजी मोठ्या अक्षरांत लिहिलंय आणि पोरानं छोट्या, की झालं. तिसरं मराठीचं. ऑफिसमधनं शाळेचा इतिहास टाइप केलेली फाइल आणली ती जुन्या शिवाजी फॉन्टमधली, ती ब्राउझरमध्ये टाकली की इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी. तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यायलाच लागतो, आणि पानाच्या डोक्यावर यूटीएफ-८ लिहायला लागतं. जुन्या नोटपॅडमध्ये सेव्ह करताना एएनएसआय राहिलं तर सगळ्या मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागते आणि मूळ मजकूर गेला तो गेलाच, परत येत नाही.

मोबाइलचं प्रकरण वेगळंच आहे. अँड्रॉइड ९ पासून प्रायव्हेट डीएनएस नावाचं सेटिंग आलंय. ऑटोमॅटिकवर असेल तर चालतं, पण आमच्या दोन-तीन शिक्षकांनी जाहिराती बंद करायला तिथं बाहेरचं कुठलंतरी नाव भरून ठेवलेलं, त्यांचा फोन शाळेच्या डीएनएसला विचारतच नव्हता. ब्राउझरमधलं सिक्युअर डीएनएस पण कुणी हातानं बाहेरच्या कंपनीवर लावलेलं असेल तर तोच प्रकार होतो. आणि फायबर तुटलेलं असलं की फोनला वाटतं या वायफायला इंटरनेट नाही, तो गुपचूप मोबाइल डेटावर जातो, आणि डेटावर शाळा डॉट इंटर्नल कुठलं सापडायला. डेटा बंद करा म्हटलं की लगेच उघडतं.

तरी एकदा अख्ख्या स्टाफरूमला साइट दिसेना झाली आणि लॅबमध्ये व्यवस्थित. एका लॅपटॉपवर आयपीकॉन्फिग ऑल ही कमांड मारली तर पत्ता १९२.१६८.० चा आलेला, आमचा सगळा १९२.१६८.१ चा. त्याच यादीत खाली डीएचसीपी सर्व्हर कोण ते लिहिलेलं असतं, ती ओळ वाचा, निम्मी भांडणं तिथंच मिटतात. ओळीत १९२.१६८.०.१, आणि असलं कुठलंही मशीन मी बसवलेलं नाही. वायर धरत धरत गेलो तर कपाटाच्या मागं, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर एक छोटा वायफाय राउटर लुकलुकतोय. रेंज येत नाही म्हणून कुणीतरी घरचा आणून लावला होता, तोही पत्ते वाटत होता आणि त्याचं उत्तर आधी पोचत होतं. त्याचा डीएचसीपी बंद केला, त्याला ५ नंबरचा पक्का पत्ता दिला आणि वायर निळ्या वॅन पोर्टमधनं काढून पिवळ्या लॅन पोर्टमध्ये घातली. आता तो नुसती रेंज देतो. कुणी आणला हे कोण कबूल करत नाही, पण रेंज सगळ्यांना आवडलीय.

लाइट जाण्याचं पण बघायला लागतं. बायोसमध्ये लाइट परत आल्यावर काय करायचं असा एक पर्याय असतो, तो पॉवर ऑन करून ठेवा, नाहीतर सोमवारी सकाळी कुणीतरी बटण दाबेपर्यंत शाळेला पत्ते मिळत नाहीत. आणि जुन्या मशीनमधला सीआर२०३२ चा गोल सेल बदला, वीस-पंचवीस रुपयांची वस्तू, पण तो मेला असला की मशीन काही वर्षं मागच्या तारखेला जागं होतं आणि डेबियन अपडेट घ्यायला नकार देतं, सर्टिफिकेट चुकीची म्हणतं, आणि आपण इंटरनेटला शिव्या घालत बसतो.

पोरांच्या पानांशिवाय सर्व्हरवर किविक्स टाकलंय, त्यातनं मराठी विकिपीडिया नेट नसताना चालतो. फिजिक्सच्या सरांनी कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन उतरवून ठेवलीत, त्यातली बरीच मराठीतही आहेत, एकेक सिम्युलेशन म्हणजे एकच एचटीएमएल फाइल असते, फोल्डरमध्ये टाकली की झालं. ओहमचा नियम शिकवताना ते आता लॅब मागून घेतात आणि माझा तास जातो, पण असू दे.

हे घरून दिसेल का, असं पालक विचारतात, हेडसरांनीही विचारलं. नाही. एक तर आमच्या फायबरवाल्यानं दिलेला बाहेरचा पत्ता पण आमचा एकट्याचा नाही, १०० नं सुरू होणारा, अनेक गिऱ्हाइकांत मिळून वापरायचा असतो तो, त्यामुळं बाहेरनं आत यायला दारच नाही. आणि दार असतं तरी मी उघडलं नसतं. पोरांनी केलेल्या फॉर्मना काय सुरक्षा असणार, आणि पानांवर त्यांची नावं आणि फोटो आहेत, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं स्पष्ट लिहिलंय. ज्यांना घरी दाखवायचं असतं ती पोरं आपलं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन जातात, फोटोंचे पत्ते नीट लिहिले असतील तर तिथनंही पान जसंच्या तसं उघडतं. पंचगंगेचं पान तेवढं उघडत नाही, त्याला पीएचपी लागतं, त्या गटाच्या पालकांना सभेच्या दिवशी जिना चढून लॅबमध्येच यायला लागतं.